क्रूझवरची नोकरी : एजंटाच्या हातात पैसे ठेवण्याआधी

आपल्या धाराशिव जिल्ह्याला समुद्र नाही. तरी जुन्या माणसांना मुंबईचं बंदर माहीत होतं, ते हजमुळे. येडशीला बार्शी लाइटची छोटी गाडी, कुर्डुवाडीला मोठी गाडी, मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळचा साबू सिद्दीक मुसाफिरखाना आणि मग जिद्द्याचं जहाज. १९९५ मध्ये ही जहाजं बंद झाली, हाजी विमानानेच जाऊ लागले आणि बंदर आपल्या बोलण्यातून गेलं.

आता ते पुन्हा घराघरांत आलंय, नोकरीच्या निमित्ताने. २०२१ पासून कॉर्डेलियाची क्रूझ मुंबईहून गोवा, लक्षद्वीपच्या सफरी करू लागली. २० सप्टेंबर २०२५ रोजी बॅलार्ड पियरच्या नव्या क्रूझ टर्मिनलचं उद्घाटन झालं : वर्षाला दहा लाख प्रवासी आणि एका वेळी पाच जहाजं, एवढी त्याची क्षमता. क्रूझ म्हणजे तरंगतं हॉटेलच. स्वयंपाकी, वेटर, खोल्या आवरणारे, धुलाईवाले, सगळे लागतात. हॉटेल मॅनेजमेंट शिकलेल्या आपल्या मुलांना हे काम जमण्यासारखं आहे. काही महिने सलग जहाजावर, मग घरी सुट्टी. बारमध्ये किंवा हराम मांसाच्या स्वयंपाकात ड्यूटी लागेल का, हे मात्र सही करण्याआधीच विचारून घ्यावं. नंतर तक्रार करून उपयोग नसतो.

खरी भीती एजंटांची. गेल्या उन्हाळ्यात ओळखीच्या एका घरी ‘जागा पक्की’ म्हणून दीड लाख मागितले गेले. अम्मीने बांगड्या मोडायला काढल्या होत्या. मुलाच्या अब्बांनी मला विचारलं, “भाई, एवढे लागतातच ना?”

लागत नाहीत. जहाजावर नोकरी लावून देण्यासाठी उमेदवाराकडून फी घेता येत नाही. २००६ च्या आंतरराष्ट्रीय सागरी कामगार कराराचा हा नियम आहे आणि भारताने तो करार २०१५ मध्ये स्वीकारला. पासपोर्ट, सीडीसी म्हणजे खलाशाची नोंदवही, आणि वैद्यकीय तपासणी यांचा खर्च आपला. सुरक्षेच्या प्रशिक्षणाची फी संस्थेत भरायची, एजंटाच्या खिशात नाही. भरती करणाऱ्या कंपनीकडे नौवहन महासंचालनालयाचा आरपीएसएल परवाना असावा लागतो. परवानाधारकांची यादी महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर आहे. नाव, पत्ता आणि परवान्याची मुदत, तिन्ही जुळवून पाहावं. कोणी टुरिस्ट व्हिसावर पाठवतो म्हणाला, तर बोलणं तिथेच थांबवावं.

आम्ही मोबाईलवर ती यादी पाहिली. त्या माणसाच्या कंपनीचं नाव तीत नव्हतं. त्याला परवान्याचा नंबर विचारला, तेव्हा ‘साहेब मीटिंगमध्ये आहेत’ म्हणाला आणि पुढे फोन उचलणंच बंद झालं.

बांगड्या परत डब्यात गेल्या. मुलगा सध्या पुण्यात एका हॉटेलच्या भटारखान्यात काम करतो आणि सुरक्षेचं प्रशिक्षण कुठे स्वस्त पडेल, याची चौकशी करतोय.