शाशीमचा पत्ता

सकाळी 7.40. कुरितिबा, दक्षिण ब्राझील. बसचं तिकीट 6 रेआल, जाऊन-येऊन 12. महिन्याची शिष्यवृत्ती 700. जीवशास्त्राच्या या विद्यार्थिनीला आज तास नाहीत, म्हणून दिवसभर हर्बेरियममध्येच, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहालयात.

8.00. फ्रीझर, उणे 20 अंश. वाळलेल्या नमुन्यांचे गठ्ठे प्लॅस्टिकमध्ये बांधून आत ठेवलेले, कीड मरावी म्हणून. एक गठ्ठा ती बाहेर काढते, पण लगेच उघडत नाही. गार कागदावर दमट हवा लागली की पाणी धरतं. तोवर टेबल पुसायचं, दोरा ओवायचा.

9.30. गठ्ठ्यात शाशीम. शास्त्रीय नाव डिक्सोनिया सेलोवियाना. हा नेचा झाडासारखा वाढतो. खोड माणसाहून उंच, एकेक पान दोन मीटरचं. कागद मात्र 42 बाय 29 सेंटिमीटर. त्यामुळे तोडणाऱ्यानं रानातच पानाचे तुकडे केलेत: देठाचा बुंधा, मधला भाग, शेंडा. प्रत्येकाला वेगळा कागद, कोपऱ्यात 1/3, 2/3, 3/3. बुंध्यावरची तपकिरी लव झडता कामा नये, ओळख पटवायला ती लागते. पानाचा एक फाटा उलटा लावायचा, म्हणजे कडेचे बीजाणूंचे पुंजके दिसतात. मग सुई. देठावर टाका, मागे गाठ. गाठीवर कागदाची पट्टी, नाहीतर खालच्या नमुन्याला ती घासते. तीन कागदांत सकाळ संपते. घाई केली तर पान मोडतं, आणि मोडलेलं पान पुन्हा आणायला रान तसं उरलेलं नाही.

12.30. डब्यात भात आणि काळा घेवडा.

1.30. संगणक. आता जुन्या नमुन्यांची लेबलं. एकावर गेर्ट हाचबाख यांचं नाव. 1965 साली कुरितिबाचं हे संग्रहालय त्यांनीच उभं केलं. संग्राहकाच्या रकान्यात दोन अक्षरं टाइप केली की नाव आपोआप येतं.

2.45. पुढच्या लेबलवर, तेही शाशीमचंच, अक्षांश-रेखांश नाहीत. नुसतं एका स्टेशनचं नाव, 1885 साली सुरू झालेल्या, कुरितिबाहून पारानाग्वाला जाणाऱ्या घाटातल्या रेल्वेवरचं. जुना नकाशा उघडला. स्टेशन सापडलं, पण नेचा तिथून किती आत होता? ती बिंदू ठेवते आणि शेजारी लिहिते: चूक पाच किलोमीटरपर्यंत. मला नोंदीतला हाच आकडा सगळ्यांत मोलाचा वाटतो. तो नसता तर पुढचा माणूस नेमक्या त्या बिंदूवर जाऊन शाशीम शोधत बसला असता.

आणि शाशीम आता सहज सापडत नाही, कारण तो फार तोडला गेला. खोडाभोवतीच्या मुळांच्या जाड थरातून ऑर्किडच्या कुंड्या कापत. खोड वर्षाला काही सेंटिमीटरच वाढतं. 2001 च्या नियमानं तोडीवर बंदी आली. आता दुकानात नारळाच्या काथ्याच्या कुंड्या मिळतात.

5.20. शेवटच्या लेबलवर दिवस-महिना आहे, साल नाही. अंदाजानं भरायचं नाही, रकाना रिकामा. त्याच संग्राहकाचे आधीच्या आणि नंतरच्या क्रमांकांचे नमुने काढले तर त्यांच्या तारखांवरून साल कळेल. ते ज्या कपाटात आहेत, त्याची किल्ली उद्या आठला मिळेल.