धोक्यांची उतरंड

एखादे मोठे रुग्णालय, विद्यापीठाची प्रयोगशाळा किंवा औषधांचा कारखाना यांच्या देखभालीचा जो कारभार पूर्वी जाडजूड नोंदवह्यांतून चालत असे, तो आता संगणकप्रणालीच्या हवाली झाला आहे. कोणत्या मजल्यावर कोणते यंत्र आहे, कोणत्या कोठीत कोणता जिन्नस किती शिल्लक आहे आणि दुरुस्तीसाठी कोणत्या इसमास कोणत्या खोलीत धाडावयाचे, हा सारा तपशील तीत साठविलेला असतो. अशी प्रणाली उभारताना वास्तूतील धोक्यांचे वर्गीकरण करावे लागते, आणि ते काम बहुधा एखाद्या दुपारी घाईघाईने उरकले जाते. वर्ग पाडावेत, उपवर्ग पाडावेत, प्रत्येकास सांकेतिक क्रमांक द्यावा, की झाले, अशी समजूत असते. वस्तुतः पुढे कित्येक वर्षे कामगाराच्या हाती जो कामाचा हुकूम पडणार, त्यावर कोणती खबरदारी छापलेली असेल आणि कोणती नसेल, याचा निकाल त्या दुपारीच लागलेला असतो.

एकच उदाहरण बारकाईने पाहू. प्रयोगशाळेतील द्रव्यांची नोंद करणारा कारकून ‘रसायने’ या मूळ वर्गाखाली ‘आम्ले’ असा उपवर्ग उघडतो आणि त्यात तीव्र नायट्रिक आम्ल व ग्लेशियल ॲसिटिक आम्ल ही दोन्ही शेजारी-शेजारी बसवितो. पाठ्यपुस्तकाच्या दृष्टीने यात चूक काहीच नाही. परंतु नायट्रिक आम्ल हे प्रबळ ऑक्सिडीकारक आहे, म्हणजे दुसऱ्याचे ज्वलन भडकविणारे. आणि ग्लेशियल ॲसिटिक आम्ल, ज्याचे अतिसौम्य रूप आपण व्हिनेगर म्हणून स्वयंपाकात वापरतो, ते सुमारे 39 अंश सेल्सियस तपमानाला ठिणगीने पेटेल इतकी वाफ सोडणारे ज्वालाग्राही द्रव्य आहे. यादीतील शेजार उद्या कपाटातील शेजार होतो, आणि त्या कपाटात दोन्ही बाटल्या फुटल्या तर आग किंवा स्फोट ओढवू शकतो. म्हणून द्रव्य कोणत्या कुळातले, याची चौकशी रसायनशास्त्रज्ञाने खुशाल करावी. देखभालीच्या दप्तराने विचारावयाचे ते एवढेच, की हे द्रव्य काय करू शकते आणि त्याकरिता कोणता निराळा बंदोबस्त हवा. संयुक्त राष्ट्रांच्या विद्यमाने 2003 साली प्रथम प्रसिद्ध झालेली ‘जीएचएस’ ही जागतिक पद्धती याच धोरणाने रचलेली आहे. भौतिक, आरोग्यविषयक आणि पर्यावरणविषयक असे तीन मोठे विभाग, त्यांखाली वर्ग आणि वर्गांखाली तीव्रतेच्या श्रेणी अशी तिची उतरंड असून, एकच द्रव्य एकाच वेळी तीत अनेक ठिकाणी बसू शकते. ज्या प्रणालीत एका जिन्नसास एकच वर्ग देण्याची सक्ती असते, ती मला तरी या कामास अपात्र वाटते.

श्रेणींच्या आकड्यांत तर एक सापळाच दडलेला आहे. ‘जीएचएस’मध्ये ज्वालाग्राही द्रवांच्या चार श्रेणी असून पहिली सर्वांत घातक मानली जाते. याउलट अमेरिकेतील नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशनच्या 704 क्रमांकाच्या मानकात, म्हणजे टाक्यांवर आणि कोठ्यांच्या दारांवर दिसणाऱ्या त्या चौरंगी चौकटीत, 0 म्हणजे निर्धोक आणि 4 म्हणजे परम धोक्याचे. निळा भाग आरोग्याचा, तांबडा ज्वलनशीलतेचा, पिवळा अस्थिरतेचा आणि पांढरा विशेष सूचनांचा, अशी तिची वाटणी असते. आता ज्या दप्तरात ‘धोक्याची पातळी’ असा एकच रकाना ठेवलेला असेल आणि अर्ध्या नोंदी एका पद्धतीच्या व अर्ध्या दुसरीच्या असतील, तेथे ‘1’ हा आकडा वाचून आत शिरणाऱ्या माणसाने निर्धास्त व्हावे की माघारी फिरावे? आकड्याशेजारी पद्धतीचे नाव आणि साध्या शब्दांत तीव्रता, ही तजवीज पहिल्याच दिवशी झाली पाहिजे.

शिवाय प्रत्येक धोका कोठीतल्या मालाबरोबर येतो असे नाही. मैलाटाकीत हायड्रोजन सल्फाइड साचतो, पण मालाच्या यादीत त्याची नोंद कशी सापडणार? सडलेल्या अंड्यांसारखा त्याचा वास अल्प प्रमाणात चटकन ओळखू येतो. प्रमाण घातक होऊ लागले की घ्राणेंद्रियच बधिर होते, आणि वास गेला म्हणजे वायू गेला असे समजून माणूस आणखी खाली उतरतो. आपल्या शहरांतून सफाई कामगारांचे असे बळी आजही जात आहेत, ही लाजेची गोष्ट आहे. यावर प्रणालीपुरता उपाय असा, की ‘बंदिस्त जागा’ हा धोका त्या जागेलाच जोडावा. मग टाकीतील पंपाचे काम निघो वा झडपेचे, हवेची तपासणी, बाहेर उभा राहणारा जोडीदार आणि लेखी परवाना या अटी त्या कामाकडे आपोआप वारसाने येतात. मात्र वारशाचा हा नियम तारतम्याने वापरावा लागतो. ‘हातमोजे घालावेत’ यासारखी सर्वसाधारण सूचना अगदी वरच्या वर्गाला चिकटविली, की ती दिवा बदलण्याच्या हुकुमावरही उमटते, आणि प्रत्येक कागदावर तीच ओळ पाहणारा माणूस थोड्याच दिवसांत कागद वाचणे सोडून देतो.

वर्गीकरण झाले म्हणजे संरक्षण झाले, असे मात्र कोणी मानू नये. 14 एप्रिल 1944 रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजावर सुमारे 1,400 टन दारूगोळा होता, त्यातील काही भाग अतिसंवेदनशील अशा ‘अ’ वर्गाचा असल्याची नोंद कागदोपत्री होती, आणि त्याच जहाजात कापसाच्या गाठीही भरल्या होत्या. स्फोटके वाहणाऱ्या जहाजाने लावावयाचे तांबडे निशाण वर चढले नव्हते. दुपारी कापूस धुमसू लागला, चार वाजून सहा मिनिटांनी पहिला प्रचंड स्फोट झाला, आणि शेकडो नागरिकांसह अग्निशमन दलाचे 66 जवान मृत्युमुखी पडले. दप्तरातला वर्ग धक्क्यावर काम करणाऱ्या माणसाला दिसत नव्हता, आणि दोन वर्गांचा शेजार निषिद्ध ठरविणारा नियम अमलात आला नव्हता. आजच्या प्रणालीतही नुसती उतरंड पुरत नाही; कोणता वर्ग कोणाजवळ ठेवू नये, याचा स्वतंत्र तक्ता तिला जोडावाच लागतो.

त्या जवानांच्या स्मरणार्थ 14 एप्रिल हा देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. ज्यांच्या हाती एखाद्या वास्तूची व्यवस्था आहे, त्यांना माझी विनंती अशी, की त्या दिवशी आपल्या प्रणालीतील ‘इतर’ हा वर्ग उघडावा, कोठीवाला, वीजतंत्री आणि सफाई कामगार यांना शेजारी बसवून घ्यावे, आणि त्या वर्गातील एकेक नोंद तिच्या योग्य जागी हलवून तो रिकामा केल्याखेरीज उठू नये.