सिंदुरी किनाऱ्यावरचे वीस किलोमीटर

वाईन चाखायला म्हणून गेलो, आणि दादा पहिला तासभर गडगेच बघत बसला.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. पिंपळगाव बसवंतजवळ त्याची द्राक्षबाग आहे, सगळी खायच्या द्राक्षांची. आम्ही नोकरीपायी फ्रान्समध्ये तुलूझला राहतो. गेल्या सप्टेंबरात, गोडी छाटणीच्या आधीची उसंत गाठून तो आमच्याकडे आला. त्याला आयफेल टॉवरचं कौतुक नव्हतं. ‘जिथं द्राक्षं असतील तिथं ने,’ म्हणाला.

फ्रान्सच्या नकाशात अगदी खाली, पिरेनीज पर्वत भूमध्य समुद्रात उतरतो तिथे चार गावं एकापुढे एक आहेत : कोलियूर, पोर्-वांद्र, बानयुल्स आणि सेर्बेर. पलीकडे स्पेन. या किनाऱ्याला ‘कोत व्हेर्मेई’, म्हणजे सिंदुरी किनारा म्हणतात. पहिल्या गावापासून शेवटच्यापर्यंत रस्ता वीसेक किलोमीटरचा. वाईनच्या मोठ्या प्रांतांत आठवडा घालवूनही माणूस गोंधळून परततो. इथे दोन दिवस पुरतात, कारण चार गावांत मिळून मुख्य वाईन दोनच. कोरडी ती ‘कोलियूर’ आणि गोड ती ‘बानयुल्स’. दोन्हींची हद्द हीच चार गावं, उतार तेच आणि मुख्य द्राक्षही तेच, काळं ग्रेनाश.

कोलियूर सुंदर आहे आणि ते त्याला माहीत आहे. समुद्रात पाय टाकून बसलेला राजवाडा, शेजारी चर्चचा गुलाबी घुमट. १९०५च्या उन्हाळ्यात मातीस आणि देरां या चित्रकारांनी इथे जी भडक रंगांची चित्रं काढली, त्यांतून फोव्हिझम जन्मला. आता दर वळणावर त्या चित्रांच्या नकला टांगलेल्या आहेत. मला त्याहून आवडली ती खारवलेली अँचोव्ही. मीठ आणि मासे पिंपात थरावर थर लावून महिनोन्महिने मुरवतात, मग बायका हातांनी काटे काढून तुकड्या सोडवतात. आपली मांदेली याच कुळातली, पण तिला इतका धीर कोणी दाखवत नाही. या खाऱ्या माशावर थंड पांढऱ्या कोलियूरचा घोट घ्यावा. लाल कोलियूर मला पहिल्या दिवशी उग्र वाटली, दुसऱ्या दिवशी मटणाबरोबर तीच आवडली.

इथून पुढे किनाऱ्याचा सोपा रस्ता सोडून डोंगरमाथ्याची वाट धरली. मादलोक नावाचा जुना टेहळणी बुरूज साडेसहाशे मीटरवर उभा आहे, त्याच्या अंगाने ती बानयुल्सकडे उतरते. रस्ता एका गाडीपुरता. समोरून ट्रॅक्टर आला की कोणीतरी मागे जायचं, आणि ते कोणीतरी आपणच असतो. अशाच एका माघारीनंतर गाडी कडेला लावली आणि दादा उतरला.

अख्खा डोंगर पायऱ्यापायऱ्यांचा. प्रत्येक पायरी धरून ठेवायला दगडाचा कोरडा गडगा, चुना नाही, सिमेंट नाही. इथला दगड शिस्ट, पाटीसारखा थराथरांचा. जमीन खणताना निघालेला दगड बाजूला रचायचा, एवढीच कृती. पण ती शतकानुशतकं चालली आहे. या चार गावांतले गडगे सलग मांडले तर सहा हजार किलोमीटर भरतील असं स्थानिक लोक सांगतात. पायऱ्यांमधून तिरपे, फरसबंदीचे पाट काढलेले आहेत. वरून पाहिलं तर पक्ष्याच्या पावलाचा ठसा दिसतो, म्हणून कॅटलान भाषेत त्यांचं नाव ‘कोंबड्याचा पाय’. शरदात इथे पाऊस येतो तो कोसळतोच. पाटांनी ते पाणी वळवलं नाही तर माती थेट समुद्रात.

‘अगं, पण यांचं पाणी कुठंय?’ दादा म्हणाला. ‘ड्रिप नाही, शेततळं नाही.’

नाहीच. वेलीची मुळं शिस्टच्या भेगांतून खोल उतरतात आणि खालची ओल शोधतात. मांडव नाही, तारा नाहीत. वेल गुडघ्याएवढ्या झुडपासारखी छाटलेली, कारण त्रामोंतान नावाचा उत्तरेचा वारा उंच काही टिकू देत नाही. छाटणी एकच, हिवाळ्यात. आपल्याकडे वेल झोपतच नाही, म्हणून एप्रिलची खरड आणि ऑक्टोबरची गोडी अशा दोन छाटण्या. इथली वेल थंडीत स्वतःच पानं गाळते. दादाला ओळखीचं वाटलं ते खुंट. एकोणिसाव्या शतकात फिलॉक्सेरा किडीने फ्रान्सच्या बागांची मुळं खाल्ली, तेव्हापासून अमेरिकन खुंटावर कलम करतात. दादाची बागही डॉगरिज या अमेरिकन खुंटावर आहे. तिथे कारण किडीचं नाही, क्षारांचं आणि पाण्याच्या टंचाईचं.

उतारावर तोडणी चालू होती. यंत्र इथे चढत नाही, सगळं हातांनी. बानयुल्ससाठी हेक्टरी ३० हेक्टोलिटर, म्हणजे तीन हजार लिटरपेक्षा जास्त उतारा नियमातच बसत नाही. दादाने मनात एकराचा हिशेब केला आणि ‘परवडतं कसं?’ असं विचारलं. सगळ्यांना परवडत नाहीच. जागोजागी पडीक पायऱ्या आणि ढासळलेले गडगे दिसत होते.

बानयुल्स गाव शिल्पकार मायोलचं. १८६१मध्ये इथेच जन्मला, आणि गावाबाहेरच्या दरीत त्याच्याच शिल्पाखाली पुरलेला आहे. पण आम्ही आलो होतो त्या गोड वाईनसाठी. द्राक्षरस आंबत असताना मध्येच त्यात जवळजवळ शुद्ध मद्यार्क ओततात. आंबवणारं किण्व तिथेच मरतं आणि द्राक्षाची उरलेली साखर वाईनमध्ये तशीच राहते. वरून साखर घालत नाहीत. तेराव्या शतकाच्या अखेरीस आर्नो द व्हिलनव्ह या वैद्याला ही युक्ती सुचली असं मानतात. पोर्तुगालची पोर्टही याच कल्पनेवर उभी आहे.

पुढचा प्रकार आपल्या आज्यांना पटला असता. काही वाईन पिंपात हवा लागू देऊन मुरवतात, काही काचेच्या मोठ्या फुगीर बरण्यांत भरून उघड्यावर उन्हात ठेवतात. ऊन, थंडी, वारा सगळं सोसून लाल रंग विटकरी होतो, मग तपकिरी. गच्चीवर फडकं बांधून ठेवलेल्या साखरांब्याच्या बरणीची ही थेट चुलतबहीण. ‘बानयुल्स ग्रां क्रू’ हे नाव लावायचं तर लाकडात निदान तीस महिने मुरावं लागतं आणि पाऊण हिस्सा तरी काळं ग्रेनाश लागतं. चव? सुकं अंजीर, अक्रोड, कॉफी, आणि मागून काकवीचा दरवळ. चॉकलेटबरोबर बहुतेक वाईन हरतात, ही हरत नाही. उलट ‘रिमाज’ हा प्रकार हवेपासून जपून लवकर बाटलीत भरतात. त्यात ताज्या काळ्या फळांची चव. मला मुरलेली आवडली, दादाला रिमाज. ‘ह्यात द्राक्ष तरी लागतं,’ म्हणाला.

गाडी नवरा चालवत होता. फ्रान्समध्ये १०० मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम अल्कोहोल ही मर्यादा आहे, आपल्याकडे ३०. चाखून थुंकायचं भांडं प्रत्येक टेबलावर असतं. त्यात थुंकणं असभ्य नाही, जाणकारीचं लक्षण आहे. तरी चालकाने थुंकूनही चार-पाच नमुन्यांवर थांबावं. आणि बानयुल्स कोरड्या वाईनपेक्षा कडक असते हे तिच्या गोडव्यामुळे लक्षात येत नाही.

सेर्बेरला चाखण्यापेक्षा पाहण्यासारखं जास्त. स्पेनच्या रुळांची रुंदी वेगळी, म्हणून इथे गाड्या बदलाव्या लागत. स्पेनहून आलेली संत्री टोपल्यांनी या डब्यातून त्या डब्यात भरायला शेकडो बायका राबत.

या बागांची एक आठवण मात्र वाईनची नाही. सप्टेंबर १९४०मध्ये नाझींपासून पळणारे जर्मन विचारवंत वाल्टर बेंजामिन या डोंगरातून चालत स्पेनमध्ये गेले. बानयुल्सचे महापौर व्हँसाँ आझेमा यांनी वाट दाखवणाऱ्या लिझा फिटको यांना सल्ला दिला होता : पहाटे निघा, बागेत कामाला जाणाऱ्या मजुरांत मिसळा, बोलू नका. हृदयविकार असलेल्या बेंजामिन यांनी ती द्राक्षांची चढण पार केली. पलीकडच्या पोर्तबूत त्यांना परत पाठवण्याची धमकी मिळाली आणि २६ सप्टेंबरला त्यांनी तिथेच प्राण सोडला. ही वाट आजही चालता येते. आम्ही अर्ध्या तासात दमलो.

जायचं तर सप्टेंबरात जा, तोडणी दिसते. ऑगस्टमध्ये गाडी लावायला जागा मिळत नाही. भारतात परतताना माणशी दोन लिटर मद्य करमुक्त आणता येतं, म्हणजे नेहमीच्या दोन बाटल्या. दादाने एक रिमाज आणि माझ्या आग्रहाने एक मुरलेली नेली. मुरलेलीने हवा आधीच पुरेशी पाहिलेली असते, त्यामुळे उघडल्यावर ती लवकर बिघडत नाही. भाऊबीजेला उघडलेली त्याची बाटली तुळशीच्या लग्नापर्यंत उत्तम टिकली.