डोळ्याला लेसर : नाव एक, कामे तीन

"लेसर केले, पण अम्मीला पूर्वीसारखे दिसत नाही. पैसे वाया गेले," अशी तक्रार आपल्या घरांतून वारंवार ऐकू येते. शेजारच्या घरातल्या दादीजान मात्र लेसरनंतर एक-दोन दिवसांतच कुरआन शरीफ वाचू लागलेल्या असतात. मग आपण डॉक्टरला दोष देतो किंवा नशिबाला. खरी गोष्ट अशी की दोघींच्या डोळ्यांवर झालेले लेसर सारखे नसते. हा फरक माहीत नसल्यामुळे काहीजण उपचार अर्धवट सोडतात आणि वाचू शकली असती ती नजर गमावतात.

उन्हापासून लेसरपर्यंत

बसऱ्यात जन्मलेल्या इब्न अल-हैसम यांनी हजार वर्षांपूर्वी 'किताब अल-मनाझिर' या ग्रंथात प्रकाश बाहेरून डोळ्यात येतो, म्हणून आपल्याला दिसते, असे मांडले. सूर्याकडे पाहिल्यावर डोळा दुखतो, हा त्यांचा एक दाखला होता. विसाव्या शतकात जर्मन डॉक्टर मायर-श्विकेराथ यांनी सूर्यग्रहण उघड्या डोळ्यांनी पाहिलेल्यांच्या पडद्यावर भाजल्याचे डाग पाहिले. जो प्रकाश जाळतो त्याचाच बेताने वापर करून पडदा वाचवता येईल का, असा विचार त्यांनी केला आणि आधी सूर्यप्रकाश, मग विजेचे प्रखर दिवे वापरून उपचार केले. 1960 मध्ये अमेरिकेत थिओडोर मेमन यांनी पहिला लेसर तयार केला. त्याचा प्रकाश थांबून थांबून, ठोक्याठोक्याने निघे. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये तो माणसाच्या डोळ्यावर वापरला गेला.

ठोका किती वेळ टिकतो, यावर पुढचे सारे अवलंबून असते. तो लांब असेल तर ऊतक भाजते. अतिशय छोटा असेल तर उष्णता पसरायला वेळच मिळत नाही. नेमक्या त्या बिंदूपाशी सूक्ष्म स्फोट होतो आणि तेवढाच भाग फाटतो.

पहिले काम : वाट मोकळी करणे

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत कृत्रिम भिंग डोळ्यातल्याच एका पातळ पिशवीत बसवतात. काही महिन्यांनी किंवा वर्षांनी त्या पिशवीची मागची बाजू धुरकट होऊ शकते. आपण म्हणतो, "मोतीबिंदू पुन्हा आला." तो पुन्हा येत नसतो. याग लेसरने त्या पिशवीच्या मध्यभागी खिडकी पाडतात. एका सेकंदाचे शंभर कोटी भाग केले तर त्यातल्या काही भागांएवढाच एकेक ठोका असतो. काम काही मिनिटांत, बसल्या बसल्या होते. मागचा पडदा निरोगी असेल तर नजर लवकर सुधारते. दादीजानचे लेसर हे होते.

दुसरे काम : दाब वाढू न देणे

काचबिंदूच्या एका प्रकारात डोळ्यातले पाणी बाहेर जाण्याचा कोपरा अरुंद असतो. तो अचानक बंद झाला तर डोळा लाल होतो, असह्य दुखतो, दिव्याभोवती रंगीत वलये दिसतात, उलट्या होतात. पित्त समजून घरी थांबू नये. असा धोका दिसल्यास याग लेसरनेच बुबुळाच्या रंगीत भागाला बारीक छिद्र पाडून पाण्याला दुसरी वाट देतात. पुढचे नुकसान टळावे हा त्याचा हेतू. काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही.

तिसरे काम : उरलेले राखणे

अम्मीचे लेसर बहुधा हे असते. मधुमेहात पडद्याच्या बारीक रक्तवाहिन्या खराब होतात. प्राणवायू कमी पडला की पडद्यावर नवीन, कच्च्या वाहिन्या फुटतात. त्या फुटून डोळ्यात रक्त उतरते. मग पडद्याच्या कडेच्या भागावर लेसरने शेकडो सूक्ष्म चटके देतात. नेहमीच्या पद्धतीत एकेक ठोका सेकंदाच्या सुमारे दहाव्या भागाचा असतो. कडेच्या भागाची प्राणवायूची गरज कमी होते, कच्च्या वाहिन्या सुकतात आणि मधली, वाचायची नजर वाचण्याची शक्यता वाढते. बदल्यात बाजूचे आणि रात्रीचे दिसणे थोडे कमी होऊ शकते. अमेरिकेत 1970 च्या दशकात झालेल्या मोठ्या अभ्यासात या उपचाराने गंभीर दृष्टिनाशाचे प्रमाण निम्म्याहून अधिक घटले.

म्हणजे हे लेसर नजर वाढवण्यासाठी नसतेच. हे घरच्यांना आधी समजले पाहिजे. "फरक पडला नाही" म्हणून पुढच्या बैठका चुकवणे म्हणजे आग अर्धी विझवून परतणे. पडद्याला सूज असेल तर डोळ्यात इंजेक्शनेही द्यावी लागतात. साखर आणि रक्तदाब आटोक्यात ठेवणे तर चुकतच नाही.

रोजा, नमाज आणि उपचार

रमजान आला की अनेकजण डोळ्यांचे थेंब बंद करतात. हनफी आणि शाफई मतानुसार थेंबांनी रोजा मोडत नाही. आपल्याकडे बहुतेक लोक याच दोन मसलकांचे आहेत. मनात शंका असेल तर आपल्या आलिमांना विचारावे, पण काचबिंदूचे थेंब परस्पर बंद करू नयेत. डोळ्यात रक्त उतरले असेल तर सजद्यात वाकावे का, हे डॉक्टरांना विचारावे. आजाऱ्याला बसून, इशाऱ्याने नमाज पढण्याची सवलत शरीअतने दिलेलीच आहे.

कधी जावे?

सुरुवातीला मधुमेह डोळ्यात दुखत नाही आणि नजरही चांगली असते. म्हणून दिसते आहे तोवरच जायचे. प्रौढपणी मधुमेह निघाला तर त्याच वेळी आणि नंतर दरवर्षी बाहुली मोठी करून पडदा तपासून घ्यावा. आधीपासून मधुमेह असलेल्या बहिणींनी गरोदरपणाच्या सुरुवातीलाच तपासणी करावी. थेंबांनंतर काही तास धूसर दिसते, म्हणून सोबत कुणीतरी न्यावे, स्वतः गाडी चालवू नये. लेसरपूर्वी असो वा नंतर, डोळ्यात अचानक विजा चमकल्या, काळे ठिपके वाढले किंवा बाजूने पडदा सरकल्यासारखे वाटले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

आणि लेसर सुचवले गेले तर एक प्रश्न जरूर विचारावा : "हे नजर सुधारण्यासाठी आहे, की आहे ती राखण्यासाठी?" उत्तर अम्मीलाही समजावून सांगावे. मग त्या पुढच्या बैठकीला स्वतःहून तयार होतील, इन्शाअल्लाह.