जेल किती फुगते आणि किती वेळात? : एका गणिती प्रारूपाची ओळख

फालुद्यातील सब्जा पाण्यात भिजला की प्रत्येक दाण्याभोवती पारदर्शक वेष्टन तयार होते. हे वेष्टन म्हणजे एक नैसर्गिक जेलच होय. पॉलिमरच्या लांबलचक साखळ्या जागोजागी एकमेकींना जोडल्या गेल्या की त्यांचे जाळे बनते. द्रावक आत शिरल्यावर हे जाळे फुगते, पण विरघळत नाही. डायपरमधील शोषक पूड आणि मृदू कॉन्टॅक्ट लेन्स ही त्याची कृत्रिम उदाहरणे. या प्रक्रियेचा गणिती विचार करताना दोन प्रश्न वेगळे ठेवावे लागतात : जेल किती फुगेल, आणि किती वेळात फुगेल?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर पॉल फ्लोरी व जॉन रेनर यांच्या १९४३ मधील सिद्धांतात मिळते. द्रावकाचे रेणू साखळ्यांत मिसळू पाहतात, त्यामुळे जाळे पसरते. उलट ताणलेल्या साखळ्या रबराप्रमाणे आखडू पाहतात. या दोन प्रवृत्तींचा समतोल साधला की फुगणे थांबते. विद्युतभार नसलेल्या आणि पुष्कळ फुगणाऱ्या जेलसाठी यातून एक सोपा नियम निघतो : जेलचे घनफळ किती पट होईल, हे जोडांच्या घनतेच्या तीन-पंचमांश घाताच्या व्यस्त प्रमाणात असते. म्हणजे जोड ३२ पट दाट केले, तर फुगवटा एक-अष्टमांश होतो. डायपरमधील सोडियम पॉलिअ‍ॅक्रिलेट विद्युतभारित असल्याने तेथे आयनांचा दाबही हिशेबात घ्यावा लागतो. मिठाच्या पाण्यात हा दाब घटतो. म्हणूनच शुद्ध पाणी स्वतःच्या वजनाच्या शेकडो पट शोषणारे हे जेल खाऱ्या पाण्यात बरेच कमी फुगते.

दुसऱ्या प्रश्नाचा उलगडा टोयोइची तानाका व डेव्हिड फिलमोर यांनी १९७९ मध्ये केला. पाणी आत झिरपते एवढेच न मानता, जाळे स्वतः पाण्यातून वाट काढत पसरते असे त्यांनी मानले. जाळ्याची लवचिकता या हालचालीला गती देते, द्रावकाशी होणारे घर्षण तिला अडवते. या दोहोंच्या गुणोत्तरातून जाळ्याचा विसरण-गुणांक मिळतो. गोल जेलला लागणारा काळ काढण्यासाठी अंतिम त्रिज्येच्या वर्गाला या गुणांकाने आणि ‘पाय’च्या वर्गाने भागावे. गुणांक सेकंदाला ०.००००३ चौरस मिलिमीटर धरला, तर १ मिमी त्रिज्येच्या गोळ्याचे बहुतांश फुगणे सुमारे ५६ मिनिटांत होते. ५ मिमी त्रिज्येला सुमारे साडेतेवीस तास लागतात. आकार पाचपट, पण काळ पंचवीसपट.

हा वर्गाचा नियम केवळ फळ्यावर मांडण्यापुरता नाही. खेळण्यांत व सजावटीत वापरले जाणारे रंगीत जलमणी याच जातीचे. मुलाने गिळलेला छोटा कोरडा मणी त्या क्षणी त्रास देत नाही. काही तासांनी आतड्यात फुगून तो मार्ग अडवू शकतो. साध्या क्ष-किरण चित्रात तो बहुधा दिसतही नाही. म्हणून लक्षणांची वाट न पाहता मुलाला तत्काळ रुग्णालयात नेणे आवश्यक ठरते.

महाविद्यालयात हे दोन्ही प्रश्न अल्प खर्चात तपासता येतात. वेगवेगळ्या आकारांचे मणी शुद्ध व खाऱ्या पाण्यात ठेवून दर तासाला व्यास मोजावा आणि आलेख काढावा. आलेख जेथे सपाट होतो ती उंची ‘किती’ सांगते. तेथवर पोहोचण्यास लागलेला अवधी ‘किती वेळात’ ते सांगतो. प्रयोगानंतर मणी मोजून कुलुपात ठेवावेत.