ढालीचा पैसा आणि खुराकाचा पैसा

“अमेरिकेत कॉलेजची पोरं फुटबॉल खेळून कोट्यधीश होतात, आणि आपल्या पोरांना धड बूट मिळत नाहीत.” सोलापूर जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत महामार्गालगतच्या कुठल्याही चहाच्या टपरीवर हे वाक्य टाका, चार माना डोलतील. आता उसाच्या पट्ट्यातली मुलंही एमएससाठी तिकडं जातात आणि तिथल्या कॉलेजच्या मैदानाचे व्हिडिओ घरी पाठवतात. मिशिगन विद्यापीठाच्या एकट्या स्टेडियमची आसनक्षमता १,०७,६०१ आहे. कॉलेजच्या सामन्याला एवढी माणसं पाहिली की उरलेलं सगळंही खरं वाटायला लागतं. वाक्यात तथ्य नाही असं नाही. पण त्यातून आपण जे निष्कर्ष काढतो, ते बहुतेक चुकतात. तिकडच्या पैशाबद्दलही आणि आपल्याकडच्या दात्यांबद्दलही.

आधी एक किरकोळ गोंधळ मिटवू. तो आपला फुटबॉल नव्हे. लांबुळका चेंडू हातात धरून पळायचं, डोक्यावर शिरस्त्राण, अंगाला अंग भिडवून अडवायचं, असा तो खेळ. दोन कॉलेजांमधला त्याचा पहिला सामना १८६९ मध्ये रटगर्स आणि प्रिन्स्टन यांच्यात झाला. खेळाबद्दल एवढं पुरे, आपला विषय पैशाचा आहे.

पहिला मोठा गैरसमज असा की तिकडची कॉलेजं पूर्वीपासून खेळाडूंना पगार देतात. उलट शंभरएक वर्षं पैसे देणं हाच तिथं गुन्हा होता. फी माफ, राहणं-जेवण फुकट, एवढंच खेळाडूला मिळायचं. त्यावर एखाद्या हौशी माजी विद्यार्थ्यानं चोरून पाकीट दिलं, तर कॉलेज गोत्यात यायचं. डॅलसच्या सदर्न मेथडिस्ट विद्यापीठाचा किस्सा तिकडं अजून सांगतात. दात्यांनी गुप्त निधी उभारून खेळाडूंना महिन्याच्या महिन्याला पैसे पोचवले. ते उघड झाल्यावर एनसीएए या नियामक संस्थेनं १९८७ चा त्यांचा अख्खा हंगामच रद्द केला. त्या पैशांच्या निर्णयात आपण सामील होतो, हे टेक्ससच्या तेव्हाच्या गव्हर्नरनंच कबूल केलं. संघ त्यानंतर कित्येक वर्षं सावरला नाही.

पुढं न्यायालयांनी हे चित्र पालटलं. जून २०२१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं एका खटल्यात एनसीएएच्या विरोधात एकमतानं निकाल दिला, आणि १ जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःचं नाव, छायाचित्र आणि ओळख वापरून पैसे मिळवायची मुभा मिळाली. कागदावर ही जाहिरातीची कमाई. प्रत्यक्षात प्रत्येक मोठ्या कॉलेजच्या भोवती माजी विद्यार्थ्यांची दातामंडळं उभी राहिली. वर्गणी गोळा करायची आणि खेळाडूशी ‘करार’ करायचा. कॉलेजांनी स्वतः थेट पैसे द्यायला सुरुवात केली ती त्यानंतर चार वर्षांनी. ६ जून २०२५ रोजी एका मोठ्या तडजोडीला न्यायालयाची मंजुरी मिळाली आणि २०२५-२६ साठी दर कॉलेजला सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर, म्हणजे पावणेदोनशे कोटी रुपयांच्या आसपास, खेळाडूंमध्ये वाटायची कमाल मर्यादा ठरली. ही मर्यादा एका फुटबॉल संघाची नाही, कॉलेजच्या सगळ्या खेळांची मिळून आहे. शिवाय ६०० डॉलरच्या वरचा बाहेरचा प्रत्येक करार जाहीर करावा लागतो.

‘सगळीच पोरं कोट्यधीश’ हेही असंच. खरा पैसा मोजक्या कॉलेजांतल्या मोजक्या खेळाडूंकडं जातो. एनसीएएच्या तिसऱ्या श्रेणीतल्या कॉलेजांना तर खेळासाठी शिष्यवृत्ती देण्याचीच परवानगी नाही. तिथली मुलं हौसेनं खेळतात. आपल्या घरांना उपयोगी पडेल अशी आणखी एक गोष्ट आहे. विद्यार्थी व्हिसावर गेलेल्या मुलाला तिथं काम करण्यावर कडक बंधनं असतात. त्यामुळं उद्या माढा तालुक्यातलं एखादं दांडगं पोर तिकडच्या संघात गेलंच, तरी शेजारी उभ्या अमेरिकन सहकाऱ्यासारखा करार त्याला सहजासहजी करता येणार नाही. व्हिसाच धोक्यात यायचा.

आता ज्या गैरसमजावर टपरीवर सर्वांत जास्त वाद होईल, तो घेऊ. पैसा ओतला की संघ जिंकतो, असं आपण धरून चालतो.

टेक्सस ए अँड एम विद्यापीठानं २०२२ मध्ये नव्या खेळाडूंची जी भरती केली, ती देशात पहिल्या क्रमांकाची मानली गेली. प्रत्येक खेळाडू पैशानं विकत घेतलाय, असा आरोप अलाबामाचे प्रशिक्षक निक सेबन यांनी जाहीरपणे केला. ए अँड एमनं तो फेटाळला. वाद गाजला, हंगाम मात्र फसला. त्या वर्षी संघ ५ सामने जिंकला आणि ७ हरला. पुढच्या वर्षी प्रशिक्षक जिंबो फिशर यांना काढलं, आणि करार मोडल्याबद्दल त्यांना देणं लागलं सुमारे ७ कोटी ६० लाख डॉलर. न शिकवण्याचे सहाशे कोटींहून जास्त रुपये! आपल्याकडच्या कुठल्याही क्रीडाशिक्षकानं हा आकडा एकदा मोठ्यानं वाचावा.

फ्लोरिडा स्टेटनं २०२३ मध्ये गटातला अंतिम सामना धरून १३ पैकी १३ सामने जिंकले. पुढच्या हंगामात १२ पैकी २. तेच कॉलेज, तेच दाते, तोच प्रशिक्षक. अनुभवी खेळाडू मात्र निघून गेले होते आणि बाहेरून आणलेल्यांची घडी बसली नाही.

उलटं उदाहरणही द्यायला हवं, नाहीतर आपण दुसऱ्या टोकाला जाऊ. ओहायो स्टेटच्या २०२४ च्या संघावर सुमारे २ कोटी डॉलर खर्च झाल्याचं त्यांच्या क्रीडासंचालकांनीच सांगितलं होतं. एवढं करून नोव्हेंबरअखेर मिशिगनकडून घरच्या मैदानावर १३-१० अशी हार. तीही सलग चौथ्या वर्षी. त्या आठवड्यात दात्यांनी प्रशिक्षकाला काय काय ऐकवलं असेल, याची कल्पना आपल्याकडच्या कुठल्याही मंडळाच्या अध्यक्षाला येईल. पण त्याच वर्षी राष्ट्रीय विजेतेपदाच्या बाद फेरीत ४ ऐवजी १२ संघ घ्यायला सुरुवात झाली होती, म्हणून ओहायोला आणखी एक दार उघडं मिळालं. २० जानेवारी २०२५ रोजी नोत्र दामला ३४-२३ असं हरवून तेच राष्ट्रीय विजेते ठरले. पैशानं त्यांना विजेतेपद दिलं, असं मी म्हणणार नाही. पैशानं त्यांना इतके भरवशाचे खेळाडू दिले की एक वाईट दिवस पचवता आला.

इंडियाना विद्यापीठाची गोष्ट मला या सगळ्यांत जास्त शिकवणारी वाटते. २०२३ मध्ये ३ जय, ९ पराजय. मग कर्ट सिग्नेटी हे नवे प्रशिक्षक आले आणि त्यांनी आपल्या आधीच्या छोट्या कॉलेजातले १३ खेळाडू सोबत आणले. महागडे नव्हेत, ओळखीचे. २०२४ मध्ये ११ जय, २ पराजय, आणि त्यापुढच्या हंगामात एकही सामना न हरता राष्ट्रीय विजेतेपद. दाते इंडियानाकडंही होतेच. पण कुणावर खर्च करायचा हे ठरवणाऱ्याला खेळाडू आधीपासून माहीत होते.

हे समजायला खरं तर अमेरिकेपर्यंत जायलाच नको. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पाटाकडील, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब यांचे सामने पाहिलेला माणूस हे पाठ म्हणून दाखवेल. पेठेतले दाते पैसे काढतात, बाहेरगावचे आणि पार आफ्रिकेतल्या देशांतले खेळाडू येतात, आणि तरी एखाद्या वर्षी गल्लीतल्याच पोरांचा संघ भारी पडतो. त्याच कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ मध्ये सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. त्याच्यामागं होतं अकादमीतलं वर्षानुवर्षांचं रोजचं प्रशिक्षण. एका हंगामाच्या वर्गणीतून असा खेळाडू तयार होत नाही.

आता आपल्या दाराशी येऊ. ‘आपल्याकडं खेळाला देणगी देणारंच कुणी नाही,’ हे मला सर्वांत खोटं वाटतं. यात्रेतल्या कुस्त्यांच्या फडावर उभं राहा. शेवटच्या कुस्तीला लाखांचं इनाम पुकारलं जातं, देणाऱ्याच्या नावानं हलगी कडकडते. जानेवारी २०२३ मध्ये पुण्यात शिवराज राक्षेनं आपल्या सोलापूर जिल्ह्याच्या महेंद्र गायकवाडला हरवून महाराष्ट्र केसरीची गदा घेतली, तेव्हा त्याला थार गाडी आणि पाच लाख रुपये मिळाले. क्रिकेटच्या टेनिस बॉल स्पर्धांना चषक देणारे, जर्सीवर नाव छापून घेणारे, फ्लेक्स लावणारे गावोगाव आहेत. दाते भरपूर आहेत. त्यांचा पैसा येतो तो निकाल लागल्यावर. पैलवानाच्या दुधा-तुपाचा, बदामाचा, वस्तादाचा, मसाजचा खर्च वर्षभर आधी झालेला असतो, आणि तो बहुधा बापानं कर्ज काढून केलेला असतो. ऊस तोडणीला आल्यावर पाणी सोडावं, तसला हा प्रकार.

आधी पैसा देणारा दाता कसा असतो, हे महाराष्ट्रानं एकदा पाहिलेलं आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकले. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला ते गेले तो खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. तिथं ते सहावे आले. म्हणजे ढाल नाही, गदा नाही, मिरवणूक नाही. आजचा दाता इथंच उठून गेला असता. १९५२ च्या हेलसिंकीसाठी सरकारी मदत पुरेशी मिळेना. तेव्हा गावकऱ्यांनी वर्गणी गोळा केली, आणि राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. २३ जुलै १९५२ रोजी खाशाबांनी कांस्यपदक जिंकलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. परतल्यावर त्यांनी कुस्त्यांचे फड भरवले आणि आलेल्या पैशांतून प्राचार्यांचं कर्ज फेडलं. आता १५ जानेवारी हा त्यांचा जन्मदिवस राज्य क्रीडा दिन म्हणून साजरा होतो. त्या दिवशी भाषणं खाशाबांवर होतात. खर्डेकरांवरही व्हायला हवीत, असं मला दरवर्षी वाटतं.

सरकारी पैशाबद्दलही एक समज पक्का बसलाय. ‘खेलो इंडियात निवड झाली की पोराच्या खात्यात वर्षाला सव्वासहा लाख.’ आकडा बरोबर आहे, वर्षाला ६ लाख २८ हजार. पण त्यातले खेळाडूच्या हाती येतात १ लाख २० हजार, म्हणजे महिन्याला दहा हजार. बाकीचा पैसा प्रशिक्षण, राहणं, आहार, स्पर्धा यांवर संस्थेमार्फत खर्च होतो. पद्धत योग्यच आहे, फक्त घरच्यांनी त्या आकड्यावर ट्रॅक्टरचा हप्ता बांधू नये.

आणि ‘कारखान्यांना कायद्यानं खेळावर खर्च करावाच लागतो’? तसं नाही. कंपनी कायद्याच्या कलम १३५ प्रमाणं ज्या कंपनीचा नफा वर्षाला ५ कोटींवर आहे, किंवा जी निव्वळ मालमत्ता वा उलाढालीची ठरलेली मर्यादा गाठते, तिनं गेल्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करायचे असतात. ग्रामीण खेळांचं प्रशिक्षण त्या यादीत आहे, पण सक्ती खेळाचीच नाही. सहकारी साखर कारखाने सहकार कायद्याखाली नोंदलेले असल्यामुळं हे कलम त्यांना लागूच होत नाही. ते देतात ते संचालक मंडळाच्या मर्जीनं. एमआयडीसीतल्या कंपनीनं जाहिरातीचा फायदा म्हणून जर्सीवर नाव छापलं, तर तो खर्च या दोन टक्क्यांत धरता येत नाही. दात्यांनी स्वतःसाठी लक्षात ठेवावं ते असं: खेळाडूच्या हातात दिलेल्या रोख पैशाला करसवलत नाही. नोंदणीकृत संस्थेला दिलेल्या देणगीला मिळते, तीही जुनी करप्रणाली निवडली असेल तर, आणि दोन हजारांच्या वरची रोख रक्कम असेल तर तीही नाही.

राहिला हंगाम. अमेरिकेतल्या कॉलेजला नियमित असे १२ सामने मिळतात; तीन हरले तरी सुधारायला नऊ उरतात. आपल्याकडं आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा बहुतेक बाद पद्धतीच्या. टेंभुर्णीतून सकाळी एसटीनं निघालेला संघ पहिला सामना हरला, तर त्याचा वर्षाचा हंगाम दुपारच्या जेवणाआधी संपतो. अशा संघाची ‘कामगिरी’ मोजायची तरी कशी? चांगला खेळाडू विद्यापीठाच्या निवडीत दिसावा, तर त्याला आधी दहा-पंधरा सराव सामने मिळायला हवेत, आणि त्यांना लागतं ते गाडीभाडं, चेंडू, नाश्ता. लाखांचा विषयच नाही.

पण इथं एक अडचण आहे, आणि ती कुणाच्या कंजूषपणाची नाही. कॉलेजच्या स्पर्धा साधारण ऑगस्टपासून डिसेंबरपर्यंत उरकतात. आपल्या भागात पैसा फिरतो तो गाळप सुरू झाल्यावर, उसाची बिलं जमा होऊ लागल्यावर, म्हणजे डिसेंबरनंतर. आणि देण्याचा उत्साह येतो तो चैत्रातल्या यात्रांना. खेळाडूला गरज असते जुलैमध्ये, जेव्हा खरिपाच्या बियाण्याचीच उधारी चालू असते. यात्रेत पुकारलेल्या इनामातला एखादा हिस्सा कॉलेजच्या नावानं बँकेत ठेवून जुलैत काढायचा, एवढा ठराव करायला ना न्यायालय लागतं, ना एनसीएए. यात्रा कमिटीची एक बैठक लागते.