बर्गर आपल्या घरच्या तव्यावर

पास्काच्या सणानंतर घराघरांना आशीर्वाद देत हिंडणे हा धर्मगुरूच्या वर्षातील एक आनंदाचा उद्योग होय. देवळात मनुष्य जे बोलत नाही ते त्या दिवसांत चुलीपाशी बोलून जातो. संकेश्वर-निपाणी रस्त्यालगतच्या एका गावी पवित्र पाणी शिंपडून मी ओसरीवर टेकलो, तोच घरच्या बाईंनी गाऱ्हाणे घातले, "फादर, ह्या पोराला तुम्हीच काय ते सांगा बघा. आठवड्यातनं दोनदा हायवेला जातोय, बर्गर खाऊन येतोय, आणि माझी भाकरी तशीच राहतीय." मुलगा खाली मान घालून उभा होता. वडील तंबाखू करणारे शेतकरी. ते इतकेच म्हणाले, "दुधाचा पैसा सगळा तिकडं चाललाय."

घरी दोन म्हशी आहेत. दूध डेअरीला जाते आणि त्या पैशात मुलाने न विचारता हात घातला होता. त्याविषयी त्याला जे सांगावयाचे ते मी त्याला एकट्याला सांगितले. तो विषय येथे नको. परंतु बाईंचे दुःख पैशाचे नव्हते. आपल्या हातचे अन्न मुलाला नकोसे झाले, हे ते दुःख होते. मी म्हटले, "मग तुम्हीच घरी करून घाला की." त्यावर त्या हसल्या, "मला ते साहेबांचं कुठलं येतंय फादर?" त्यांना त्या वेळी मी जे सांगितले, तेच थोडे नीट करून येथे लिहीत आहे, कारण असे घर काही एकच नाही.

प्रथम नावाचा घोटाळा दूर करू. हॅमबर्गर या शब्दात 'हॅम' दिसते म्हणून पुष्कळ लोक त्यात डुकराचे मांस असते असे समजतात. तसे नाही. जर्मनीतील हॅम्बुर्ग या बंदराच्या नावावरून तो शब्द आला. तेथून अमेरिकेत गेलेल्या लोकांबरोबर खिम्याचा हा प्रकार तिकडे पोचला आणि पावाच्या दोन फाकांमध्ये बसला. अमेरिकेत तो गोमांसाचा करतात. आपल्याकडे १९९६ साली मॅकडोनाल्ड ही अमेरिकन कंपनी दिल्ली-मुंबईत आली, ती मात्र गोमांस व डुकराचे मांस वगळूनच. पुढे तिने बटाट्याच्या टिक्कीचाही बर्गर केला. आमच्या कर्नाटकात २०२० च्या कायद्याने गोवंशाच्या कत्तलीस बंदी आहे. तेव्हा आपण मटणाचा किंवा कोंबडीचा खिमा घ्यावा, हे सरळ आहे.

आणि यात 'साहेबांचे' असे उरते तरी काय? पाव हा शब्दच पोर्तुगीज. गोव्यात पोर्तुगीजांबरोबर तो आला. तेथे खमीर मिळेना म्हणून पदेरांनी माडाची सूर घालून पीठ फुगविण्यास आरंभ केला, आणि त्यांच्या पावाची चव गोव्याबाहेरही दूरवर पसरली. बेळगावच्या कॅम्पातील बेकरीत पाव आणि बन दोन्ही मिळतात. खिम्याचे कटलेट तर आपल्या सणावारी होतच असते. नवे काय ते चीज आणि फळ एवढेच. त्यांतले फळही फारसे नवे नाही. मांसाबरोबर आंबट घालावे, हे आमसूल आणि कैरी वापरणाऱ्या गृहिणीला कोणी शिकवावयास नको. मटणाच्या चरबीने जीभ जड होते आणि आंबटगोड फळ ती मोकळी करते. त्याचे काम तेवढेच, पण ते मोठे आहे.

आता कृती. पाचसहा माणसांसाठी अर्धा किलो मटणाचा खिमा घ्यावा. खाटकाला सांगून त्यात शंभर ग्रॅमपर्यंत चरबी राहू द्यावी. अगदी कोरडा खिमा तव्यावर चामड्यासारखा होतो. बारीक चिरलेला एक कांदा, आले-लसूण, थोडी मिरपूड घालून हलक्या हाताने कालवावे. मीठ अगदी शेवटी, तव्यावर टाकण्यापूर्वी घालावे. मीठ लावून खिमा ठेवून दिला की मांसातील प्रथिने सुटून एकमेकांना धरतात आणि वडी रबरासारखी चिवट होते. याच कारणाने कणकेसारखे मळूही नये. बोटाएवढ्या जाड, बनाहून किंचित रुंद वड्या थापून मधोमध अंगठ्याने खळगा करावा, म्हणजे भाजताना वडी मध्ये फुगत नाही.

बिडाचा तवा चांगला तापवून एकेक बाजू चार-पाच मिनिटे भाजावी. येथे मात्र कोणी हयगय करू नये. अखंड मांसाच्या तुकड्यावर जे जंतू असतात ते वरच्या अंगास असतात व आचेने मरतात. खिमा करताना तेच आतपर्यंत मिसळले जातात. म्हणून बाहेरून तांबूस झालेली वडी आत कच्ची राहिली तर ती धोक्याची. मटणाच्या वडीच्या गाभ्याशी उष्णता ७१ अंश सेल्सिअसला आणि कोंबडीच्या ७४ अंशांना पोचली पाहिजे. घरात तापमापक नसेल तर जाडात जाड वडी मोडून पाहावी. रस लालसर दिसला तर सगळ्याच पुन्हा तव्यावर. लहान मुले व म्हातारी माणसे पंगतीत असली म्हणजे तर विशेषच जपावे.

चीजविषयी बाईंनी मला विचारले, "आमच्या दुधाचं पनीर घातलं तर?" घालावे, पण ते वितळेल अशी आशा धरू नये. लिंबाने दूध नासविले की त्यातील कॅल्शियम सुटून जाते आणि जी गाठ बनते ती कितीही तापविली तरी सैल होत नाही. चीज निराळ्या रीतीने, विरजण आणि रेनेट घालून धरतात, म्हणून ते आचेवर पाघळते. डब्यातल्या चीजमध्ये तर काही क्षार घातलेले असतात, त्यामुळे तूप वेगळे न सुटता ते एकसारखे पसरते. तेव्हा पनीर घालावयाचे तर त्याची चकती तुपावर तांबूस परतून घालावी. विकतचे चीज असेल तर वडी भाजत आली की वर ठेवून, तव्याच्या कडेला चमचाभर पाणी सोडून झाकण घालावे. वाफेने ते मिनिटभरात वितळते. आणंदच्या शेतकऱ्यांनी १९४६ साली सहकारी संघ उभारला, त्याचे चीज आज खेड्यातील दुकानांपर्यंत पोचले आहे. दूध विकणाऱ्या घराने ते मोजके विकत घेतले तर मला त्यात उधळपट्टी दिसत नाही.

फळाच्या बाबतीत माझी स्वतःची फजिती सांगतो. गतवर्षी खिमा मऊ व्हावा म्हणून मी त्यात अननसाचा रस घालून रात्रभर ठेवला. सकाळी पातेल्यात खिमा नव्हता, लापशी होती. कच्च्या अननसात ब्रोमेलेन नावाचे द्रव्य असते, ते मांस पचवूनच टाकते. स्वयंपाकी दोन दिवस हसत होता. म्हणून अननस खिम्यात नको. त्याची चकती किंचित गूळ चोळून तव्यावर भाजावी, म्हणजे आचेने ते द्रव्य निकामी होते, आणि मग वडीवर ठेवावी.

परंतु चैत्र-वैशाखात अननसाचा शोध कशाला? एक कैरी किसावी, तिच्या निम्मा गूळ, एक संकेश्वरी मिरची कुटून आणि चवीपुरते मीठ घालून मंद आचेवर दाट होईपर्यंत शिजवावी. हिवाळ्यात बिया काढलेला पिकला पेरू असाच शिजवून थोडे लिंबू पिळावे. केळे घालावे असा मुलाचा आग्रह होता. मला ते पटलेले नाही.

बन मधून कापून आतील बाजू लोण्यावर भाजावी, नाहीतर रसाने तो भिजून हातात मोडतो. खाली कांद्याची चकती, त्यावर चीज वितळलेली वडी, वर कैरीचा चमचाभर मुरंबा. उपवासकाळातील शुक्रवारी मांस वर्ज्य; त्या दिवशी उकडलेला वाटाणा व बटाटा यांची वडी करावी. तिच्यावर चीज चालते आणि फळही.

तिबेऱ्याच्या सरोवराकाठी रात्रभर राबून आलेल्या शिष्यांसाठी पुनरुत्थित प्रभूने निखाऱ्यांवर मासे आणि भाकर तयार ठेवली होती. तो शुभवर्तमानाचा भाग वाचताना मला नेहमी वाटते की त्या सकाळी पेत्राला अपराधाबद्दल विचारण्याआधी प्रभूने त्याला जेवू घातले.

महिन्याभराने त्याच गावी पुन्हा जाणे झाले. मुलगा तव्यापाशी बसून वड्या उलटीत होता आणि आई त्याला "अजून कच्चं आहे, थांब की" म्हणून दटावीत होती. हायवेची वाट अगदी सुटली असे बाई म्हणाल्या नाहीत. आता जातो ते सांगून जातो, इतकेच म्हणाल्या. वडिलांनी बन बाजूला सारून वडी भाकरीवर घेतली, वर मुरंबा घेतला, आणि खाता खाता पोराला म्हणाले, "चीज ठेव जरा ह्याच्यावर पण."